निवडणूक खटल्यातील साक्षीदाराचा खर्च उमेदवाराच्या हातून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर उच्च न्यायालयात ज्या निवडणूक याचिका दाखल झाल्या, त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात मी नेमाने वाचतो. मतदानयंत्रे, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे, वकिलांचे युक्तिवाद, सगळे त्यात येते. साक्षीदारांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. पक्षकाराकडून साक्षीदाराचा भत्ता भरून घेणे, तो समन्सबरोबर बेलिफाच्या हाती देणे, बजावणी झाली नाही तर परत जमा करून घेणे हे माझ्या टेबलाचे काम होते. त्यामुळे हा प्रश्न मी पैशाच्या बाजूने पाहिला आहे, आणि त्याबद्दलच लिहितो आहे.

लोकसभा-विधानसभेची याचिका उच्च न्यायालयात चालते. ग्रामपंचायतीचा वाद मात्र आमच्याच कोर्टात यायचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करायचा असतो. प्रभागात मतदार काही शे, आणि हारजीत दोन-चार मतांची. तिथे एकेक मत मोजून घ्यावे लागते. आमच्या भागात वाद बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडतो. निवडणूक हंगामात होते, गाव ऊसतोडीला गेलेले असते, आणि मतदारयादीवर त्या गेलेल्या माणसांच्या नावापुढेही मतदान केल्याची खूण सापडते. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतींचे मतदान झाले, ते भर गाळप हंगामात. विधानसभेचे २० नोव्हेंबर २०२४ चे मतदानही हंगामाच्या तोंडावरच होते.

आता आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकले हे सिद्ध कोण करणार? ज्याचे नाव आहे तोच. तो मतदानाच्या दिवशी गावात नव्हता, हे त्याच्याइतके खात्रीने दुसरा कोणी सांगू शकत नाही. असा एक साक्षीदार मला चांगला आठवतो. समन्स गावच्या पत्त्यावर गेले, कारण यादीत पत्ता गावचाच. घरी म्हातारी आई. बेलिफाने समन्स तिच्याकडे दिले, भत्ता मात्र परत आणला. दिवाणी प्रक्रिया संहितेतला नियमच तसा आहे. समन्स खुद्द साक्षीदाराच्या हाती बजावता आले, तरच भत्त्याची रक्कम त्याच्या हाती द्यायची. आईने शेजाऱ्याकडून फोन करवला. मुलगा तेव्हा सांगलीकडे उसाच्या फडात होता.

तो आला तो रात्रीच्या एसटीने. प्लास्टिकच्या पिशवीत आधीच्या हंगामातल्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या घडी करून आणल्या होत्या. मतदानाच्या तारखेची पावती सगळ्यात वर. टोळीने त्या दिवशी ऊस घातला होता, याचा पुरावा म्हणून. एवढी समज त्याला कोणी शिकवली नव्हती. कोर्टात बोलावले आहे, तर दाखवायला काहीतरी हवे, हे त्याचे त्यालाच सुचले होते.

पहिल्या दिवशी विरुद्ध बाजूच्या वकिलांनी मुदत मागितली. साक्षीदार लांबचा म्हणून साहेबांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. रात्र त्याने स्टँडवर काढली. दुसऱ्या दिवशी साक्ष झाल्यावर तो माझ्या खिडकीशी आला आणि भाड्याचे काही मिळते का, असे विचारले. अर्जदाराने जो भत्ता भरला होता, तो समन्सवरच्या पत्त्याप्रमाणे, म्हणजे गावापासून तालुक्यापर्यंतच्या भाड्याचा आणि एका दिवसाचा. तेवढाच माझ्याकडे जमा होता आणि तेवढाच मी त्याला देऊ शकलो. सांगलीकडून येण्या-जाण्याचे भाडे त्यात बसत नव्हते. दुसऱ्या दिवसाचे पैसे कोणी भरलेलेच नव्हते. एका दिवसावर साक्षीदार थांबवून घेतला तर वाढीव खर्च भरायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तसा अर्ज कोणीतरी करावा लागतो. साक्षीदाराचा वकील नसतो. मग करणार कोण?

भाड्यापेक्षा मोठा आकडा खाड्याचा होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा नसला की बायकोलाही एकटीला तोडणी, बांधणी, भरणी जमत नाही, म्हणजे जोडीची मजुरी बुडते. वर मुकादम खाडा धरतो. एका खाड्याचे पाचशे कापतात, असे त्याने सांगितले. येण्यात, थांबण्यात, परत जाण्यात गेलेले सगळे दिवस त्याच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेवर, चढले. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा ही रक्कम फिटलेली नसते, ती पुढच्या वर्षावर जाते. एका मताबद्दल खरे सांगायला आलेला माणूस पुढच्या हंगामाचे कर्ज घेऊन परत गेला.

त्याची उलटतपासणी मी ऐकली होती. त्यातला पहिला प्रश्न मतदानाबद्दल नव्हता. "तुम्हाला इथवर कोणी आणले? गाडीभाडे कोणी दिले?" हा होता. निवडणुकीच्या खटल्यात हा प्रश्न हटकून येतो, आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. साक्षीदार कोणाच्या जीपमधून आला, कोणाकडे जेवला, यावरून त्याची साक्ष तोलणे हे वकिलाचे कामच आहे. या माणसाने सांगितले, की मुकादमाकडून उसने घेतले. म्हणून त्याची साक्ष टिकली. तेच भाडे हरलेल्या उमेदवाराने दिले असते, आणि तो काही गुन्हा नव्हता, तर "पढवून आणलेला साक्षीदार" हा शिक्का बसायला वेळ लागला नसता. गरीब साक्षीदारापुढे दोनच वाटा उरतात. उमेदवाराकडून पैसे घ्यायचे आणि खोटे ठरण्याचा धोका पत्करायचा, नाहीतर पदरचे घालून खरे बोलायचे. तिसरी वाट म्हणजे यायचेच नाही. पण समन्स बजावल्यावर न येणाऱ्यावर वॉरंट निघू शकते, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, दंड होऊ शकतो.

मोठ्या निवडणुकांचा कायदा याबाबत काय म्हणतो ते सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये साक्षीदारांबद्दलची तीन कलमे ओळीने आहेत. कलम ९४ प्रमाणे कोणाला मत दिले हे सांगायची सक्ती साक्षीदारावर करता येत नाही. कलम ९५ प्रमाणे उत्तर स्वतःला गोवणारे असले तरी द्यावे लागते, पण खरी उत्तरे देणाऱ्याला उच्च न्यायालयाकडून संरक्षणाचे प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे. कलम ९६ खर्चाचे. साक्ष द्यायला येण्यासाठी झालेला वाजवी खर्च उच्च न्यायालय साक्षीदाराला मंजूर करू शकते, आणि न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तर तो खर्च याचिकेच्या वादखर्चाचा भाग धरला जातो. पहिल्या दोन कलमांत साक्षीदाराला हक्क आहे. तिसऱ्यात हक्क नाही, न्यायालयाची मर्जी आहे. त्याची गुप्तता सांभाळली, त्याला खटल्यापासून वाचवले, पण त्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र दोन उमेदवारांच्या भांडणातला खर्च म्हणून बाजूला ठेवली.

वादखर्च म्हटला की तो ठरतो शेवटी. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कलम ८६ सांगते. प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. रायबरेलीची निवडणूक १९७१ ची, अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल १२ जून १९७५ चा. आपल्याकडे विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये ती रद्द ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल डिसेंबर १९९५ मध्ये आला. एवढ्या वर्षांनी मजुराच्या हाती एसटीचे भाडे पडून काय उपयोग? शिवाय ते आपोआप पडत नाही. वादखर्चाचा आदेश ज्याच्या बाजूने झाला, त्याने सुरक्षा ठेवीतून तो मिळवण्यासाठी आदेशापासून एका वर्षाच्या आत उच्च न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा असतो, हे कलम १२१ मध्ये आहे. ती ठेव किती? कलम ११७ प्रमाणे याचिका दाखल करताना दोन हजार रुपये. न्यायालय पुढे जास्त ठेव मागू शकते, पण सुरुवात दोन हजारांपासून. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर खंडपीठात साक्षीला यायचे म्हणजे रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. असे दहा-बारा साक्षीदार आले, मुक्काम पडला, मजुरी बुडाली, तर या ठेवीत काय भागणार?

अंतराबद्दलही संहितेत नियम आहे. शंभर किलोमीटरच्या आतला साक्षीदार जातीने बोलावता येतो. वाटेचा सहापैकी पाच भाग रेल्वेने किंवा नेहमीच्या सार्वजनिक वाहनाने जाता येत असेल, तर पाचशे किलोमीटरच्या आतलाही बोलावता येतो. विमानाची सोय असेल आणि साक्षीदाराला विमानभाडे दिले, तर त्याच्याही पलीकडून. विमानभाडे आधी हातात द्या, मग बोलवा, हा विचार कायदा करणाऱ्यांना सुचला. फडातून येणाऱ्याचा खाडा कोणाच्या डोळ्यांसमोर आला नाही.

निवडणूक याचिका हे दोन माणसांचे खाजगी भांडण आहे, असे मानले तरच सध्याची पद्धत योग्य ठरते. पण लोकप्रतिनिधित्व कायदाच तसे मानत नाही, आणि माझा सगळा भर या मुद्द्यावर आहे. साधा दावा वादीला वाटले तर मागे घेता येतो. निवडणूक याचिका उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. मागे घेण्याच्या अर्जाची सूचना राजपत्रात छापावी लागते. आतून काही सौदा झाला आहे असे दिसले तर परवानगी मिळत नाही. याचिकाकर्त्याने माघार घेतली तर मतदारसंघातला दुसरा मतदार पुढे येऊन त्याच्या जागी उभा राहू शकतो. याचिकाकर्ता मरण पावला तरीही तसेच. मुळात याचिका करायला उमेदवारच हवा असे नाही, साधा मतदारही करू शकतो. ही सगळी तरतूद का? कारण निकाल खरा की खोटा, हा प्रश्न सबंध मतदारसंघाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही हे अनेकदा सांगितले आहे. मग याचिका जर मतदारसंघाची, तर तिच्यातला साक्षीदार कोणाचा? तोही मतदारसंघाचा. त्याचा खर्च एका उमेदवाराने भरायचा आणि दुसऱ्याने त्यावरून त्याला खोटा ठरवायचा, हे त्याच कायद्याच्या विचाराशी जुळत नाही.

मतदानाच्या दिवसाचे उदाहरण पाहा. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, मजुरी कापायची नाही, रोजंदारीवरच्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची, असे याच कायद्याचे कलम १३५ ब आहे. मत द्यायला जाणाऱ्याची मजुरी बुडू नये, हे कायद्याला पटले आहे. ते मत चोरीला गेले असे न्यायालयात सांगायला जाणाऱ्याची मजुरी बुडली तर चालते, याचे समर्थन मला कुठे सापडत नाही.

इंग्लंडमध्ये १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात साक्षीदाराचा वाजवी खर्च निवडणूक न्यायालयाच्या दाखल्यावर मिळण्याची सोय आहे. तिथेही तो एरवी याचिकेचा वादखर्चच धरतात. पण न्यायालयाने स्वतः होऊन साक्षीदार बोलावला असेल, तर तो खर्च न्यायालय चालवण्याच्या खर्चात घालतात. आपण एक पाऊल पुढे जायला हवे. आपल्याकडे साक्षीदार कोणीही बोलावलेला असो, पहिल्यांदा पैसे न्यायालयाने द्यावेत. साक्ष झाली त्याच दिवशी, न्यायालयाच्याच कार्यालयातून, थेट त्याच्या खात्यावर. नंतर जो हरेल त्याच्याकडून सरकारने ते वादखर्च म्हणून वसूल करावेत. उमेदवार आणि साक्षीदार यांच्यात पैशाचा व्यवहारच राहिला नाही, तर उलटतपासणीतल्या त्या पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर उरेल, भाडे कोर्टाने दिले.

यावर माझ्याच जुन्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की पैसे मिळतात म्हटल्यावर साक्षीदारांच्या याद्या शेकड्यांनी लांबतील. ही भीती अगदीच खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय कायद्यात आहे. ज्याची साक्ष महत्त्वाची नाही, किंवा जो केवळ वेळ काढण्यासाठी बोलावला आहे, असा साक्षीदार तपासायला उच्च न्यायालय आपल्या १९५१ च्या कायद्याच्या कलम ८७ खाली नकार देऊ शकते. ज्याला समन्स निघाले आणि जो हजर राहिला, त्यालाच पैसे द्यायचे. मात्र हजर राहूनही वकिलांच्या मुदतीमुळे ज्याची साक्ष झाली नाही, त्याला त्या दिवसाचे मिळालेच पाहिजेत. ज्या बाजूने मुदत मागितली तिच्याकडून ते तिथल्या तिथे भरून घ्यावेत. असे झाले तर मुदती मागण्याचे प्रमाणही उतरेल, हा माझा नाझर म्हणून इतक्या वर्षांचा अंदाज आहे.

खर्च ठरवताना दोन गोष्टी बदलाव्यात. भाडे समन्सवरच्या पत्त्यापासून न धरता साक्षीदार प्रत्यक्ष जिथून आला तिथून धरावे. तिकीट दाखवले की पुरे. आणि बुडालेली मजुरी खर्चात धरावी. तिचा पुरावा मागत बसू नये, कारण मुकादम खाड्याची पावती देत नाही. रोजगार हमीच्या मजुरीचा दर सरकार दरवर्षी जाहीर करते, २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो ३१२ रुपये होता. निदान तो तळाचा दर धरावा. जोडीने काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो दोघांचा धरावा.

दुसरा उपाय दूरदृश्य साक्षीचा. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात २००३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवायला मान्यता दिली. सांगली भागातल्या फडावरच्या माणसाला तिथल्याच तालुका न्यायालयात बसवून, तिथल्या अधिकाऱ्यासमोर त्याची साक्ष घेता येईल. दोन दिवसांचा खाडा अर्ध्या दिवसावर येईल. पण तेवढ्याने खर्चाचा प्रश्न संपत नाही. अर्धा दिवसही त्याचाच जातो, आणि निवडणुकीच्या वादात समोर बसवून उलटतपासणी घ्यायची मागणी होणारच. म्हणून हा उपाय जोडीला असावा, बदली म्हणून नाही.

कायद्यात दुरुस्ती करायची तर ती संसदेत आणि ग्रामपंचायतींसाठी विधिमंडळात व्हावी लागेल. त्याला वेळ लागेल, हे मला कळते. आमच्या भागातल्या खासदार-आमदारांनी हा विषय मांडावा, अशी या पत्रातून विनंती करतो. त्यांच्यातल्या कित्येकांनी स्वतः याचिका लढवल्या आहेत, साक्षीदार गोळा करताना काय होते ते त्यांना सांगावे लागणार नाही. तोपर्यंत उच्च न्यायालयाला आणि तालुका न्यायालयांना एक गोष्ट आजही करता येईल. समन्सच्या नमुन्यात, साक्षीदाराला वाचता येईल अशा मराठीत आणि ठळक अक्षरांत, एवढे छापावे: "आपण येण्या-जाण्याचे भाडे व इतर वाजवी खर्च मागू शकता. तिकिटे जपून ठेवावीत. एकापेक्षा जास्त दिवस थांबावे लागल्यास त्याच दिवशी न्यायालयास सांगावे." आणि हे सांगायला वकील लागत नाही, हेही त्याखाली लिहावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त नाझर, मराठवाडा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)